ज्वर उतरल्याचे श्रेय

१९१८ सालच्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली आणि पावसाळा सरता सरता तिने जे उग्र स्वरूप धारण केले त्यात हिंदुस्थानातील एक कोटीहून अधिक माणसे दगावली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या वेळी जगातील बहुतेक वैद्यकवेत्ते या संहाराचा आरोप भलत्याच जंतूवर ठेवीत होते, हे तितकेसे कोणाला ठाऊक नसते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली इन्फ्लुएंझाच्या रोग्यांच्या कफातून एक जिवाणू वेगळा काढला होता, आणि पुढे कितीतरी वर्षे तोच या ज्वराचा कर्ता म्हणून वैद्यकाच्या ग्रंथांतून मिरवत राहिला. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात आपल्या बशीत वाढलेली ती प्रसिद्ध बुरशी पाहिली आणि दुसऱ्या वर्षी तिच्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्या निबंधाच्या मथळ्यातच पेनिसिलिनचा जो विशेष उपयोग त्याने नमूद केला तो रोग बरा करण्याचा नव्हता. इतर जंतूंची वाढ थोपवून, पेनिसिलिनला न जुमानणारा हा फायफरचा जंतू वेगळा काढणे सुलभ होते, एवढाच तो उपयोग होता. म्हणजे विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेले औषध जगापुढे प्रथम आले ते एका चुकीच्या आरोपीचा माग काढण्याचे साधन म्हणून. १९३३ साली लंडनमधील स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या त्रयीने रोग्यांच्या घशातील स्राव, ज्यातून जिवाणू पार होऊ शकत नाहीत अशा गाळणीतून गाळून फेरेट नावाच्या लहानशा प्राण्याच्या नाकात सोडला, त्या प्राण्याला ज्वर आला, आणि मग कोठे माणसातील इन्फ्लुएंझाचा कर्ता विषाणू आहे हे सिद्ध झाले.

या हकिकतीत प्रस्तुत विषयातील तिन्ही पात्रे एकत्र येतात. विषाणू होता, पण तो कोणी पाहिला नव्हता. प्रतिजैविक होते, पण त्याचा खरा उपयोग त्याच्या जनकालाही पुरता उमगला नव्हता. आणि रोग्यांच्या देहात त्या श्वेतपेशी होत्या, ज्यांनी कोणत्याही औषधाची वाट न पाहता त्या साथीत अंथरूण धरलेल्यांपैकी बहुसंख्यांना पुन्हा उभे केले. शंभर वर्षांनंतर आज या तिघांविषयीचे ज्ञान अपार वाढले आहे. तथापि ताप भरलेल्या माणसाच्या घरात जाऊन पाहावे, तर गोंधळ पूर्वीचाच आढळतो. तेव्हा या शास्त्राचा आढावा घेताना एक साधा प्रश्न पुढे ठेवणे सोयीचे होईल: ताप उतरतो तेव्हा तो उतरवतो कोण?

प्रथम विषाणूंचा विचार करू. जिवाणू कितीही क्षुद्र असला तरी तो स्वयंपूर्ण जीव आहे. त्याला स्वतःचे आवरण असते, अन्न पचवण्याची व प्रथिने घडवण्याची स्वतःची यंत्रणा असते, आणि अनुकूल स्थितीत काही जाती वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. विषाणूपाशी अशी कोणतीच यंत्रणा नसते. थोडासा आनुवंशिक मजकूर, त्याभोवती प्रथिनांचे कवच, आणि काही जातींत त्यावर स्निग्ध पदार्थाचा एक पातळ पापुद्रा, एवढाच त्याचा संसार. साबणाने इन्फ्लुएंझाचा विषाणू नष्ट होतो तो हा पापुद्रा विरघळल्यामुळे. सामान्य जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो, तर इन्फ्लुएंझाचा विषाणू दहाहजाराव्या भागाएवढा. रशियात इव्हानोव्स्कीने १८९२ साली आणि हॉलंडात बायेरिंकने १८९८ साली तंबाखूच्या पानांवरील रोगाचा अभ्यास करताना, गाळणीतून निसटणारे असे काहीतरी आहे हे ओळखले. १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्लीने त्याच ‘काहीतरी’चे चक्क स्फटिक बनवून दाखवले. बाटलीत भरून ठेवता येणारा हा पदार्थ सजीव म्हणावा की निर्जीव, हा वाद तेव्हापासून रंगला आहे. रोग्याच्या दृष्टीने त्यात फारसे तथ्य नाही. महत्त्वाचे इतकेच, की विषाणू आपल्या पेशीत शिरल्यावाचून काहीही करू शकत नाही, आणि शिरल्यावर जे करतो ते आपल्याच पेशीच्या यंत्रणेकडून करवून घेतो.

प्रतिजैविकाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोहोंचे मूळ नेमके येथेच आहे. जंतू मारणारी विषे पुष्कळ आहेत. कार्बोलिक आम्लाने जंतू बेलाशक मरतात, पण ते पोटात घेतले तर रोगीही मरतो. हवे असते ते जंतूत आहे आणि माणसात नाही अशाच स्थळी आघात करणारे द्रव्य. जिवाणूभोवती शर्करांच्या साखळ्यांची विणलेली एक भिंत असते; जिवाणू वाढू लागला की तिला नवे टाके घालावे लागतात, आणि हे टाके घालणाऱ्या द्रव्यालाच पेनिसिलिन चिकटून निकामी करते. मग आतला दाब न सोसून जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे पेनिसिलिन आपल्याला सहसा इजा करत नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणतात, कारण ती यंत्रणा आपल्या यंत्रणेहून पुरेशी निराळी असते. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या आनुवंशिक धाग्याचा पीळ सोडवणाऱ्या द्रव्यावर घाला घालते. आता विषाणूकडे पाहावे. त्याला भिंत नाही. प्रथिने तो आपल्या पेशींच्या यंत्रणेतून घडवतो. प्रतिजैविकाने आघात करावा कोठे? सर्दीवर किंवा डेंग्यूवर ते चालत नाही याचे कारण औषध दुबळे असणे हे नसून, ज्यावर ते चालावे असे काही तेथे नसणे हे आहे, आणि मात्रा दुप्पट केल्याने नसलेली भिंत उत्पन्न होत नाही.

पेनिसिलिनचे औषध झाले ते ऑक्सफर्डमध्ये. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४० च्या मे महिन्यात उंदरांवर प्रयोग केले आणि १९४१ च्या फेब्रुवारीत, जंतुदोष चेहऱ्यावरून डोळ्यांपर्यंत व फुप्फुसांपर्यंत पसरलेल्या एका पोलीस शिपायाला ते टोचले. एका दिवसात त्याचा ताप उतरू लागला आणि त्याला भूक लागली. औषध इतके दुर्मीळ होते की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचण्यात आले. पण पाचव्या दिवशी सगळा साठा संपला, रोग उलटला आणि मार्चमध्ये तो गृहस्थ वारला. पेनिसिलिनच्या विजयकथेत ही हकिकत बहुधा हळहळ व्यक्त करण्यापुरतीच येते. मला तीत एक बारीक धडा दिसतो: औषधाने जंतूंची संख्या घटवली खरी, पण देह इतका जर्जर झाला होता की उरलेल्या जंतूंचा निकाल त्याला स्वतःहून लावता आला नाही. पुढे दहापंधरा वर्षांतच हे औषध आपल्याकडेही बनू लागले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला; तेथील संशोधनातून निघालेल्या हॅमायसिन या बुरशीवरील औषधाचे मूळ असलेल्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे जडले आहे. महाराष्ट्रातील किती शिक्षित माणसांना याचा पत्ता आहे, कोण जाणे.

आता तिसऱ्या, आणि माझ्या मते मुख्य, पात्राकडे वळू. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे एल्या मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींची दाटी झालेली. परक्या वस्तूला गिळून पचवणाऱ्या पेशी शरीरात असतात, या सिद्धांताचा उगम तेथे झाला. इकडे बर्लिनमध्ये १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताचे व घटसर्पाचे विष निष्प्रभ करणारे द्रव्य रक्तरसात असल्याचे दाखवले. मग पेशी श्रेष्ठ की रक्तरस श्रेष्ठ, असा वाद पंचवीसएक वर्षे हिरिरीने चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तरसाचे पुरस्कर्ते एर्लिक यांना विभागून देऊन परीक्षकांनी दोन्ही पक्षांना सारखेच राजी केले, आणि पुढील संशोधनाने दोघेही बरोबर ठरले. फ्लेमिंगचे वरिष्ठ सर आल्मरॉथ राइट यांचा तर आग्रहच होता, की वैद्याने औषधांच्या मागे न लागता भक्षकपेशींना चेतवावे. त्यांच्याच विभागात पेनिसिलिनचा शोध लागावा, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल.

प्रतिजैविकांच्या पूर्वी या पेशींवर भिस्त ठेवूनच काय ते करता येत असे, आणि ते किती करता आले याचे उदाहरण मुंबईत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला; सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले; ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी तीन महिन्यांत मृत जंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना तोच रोग जडून त्यांचा अंत झाला. प्लेगचा जंतू हा जिवाणू आहे आणि आज स्ट्रेप्टोमायसिनने तो आटोक्यात येतो. पण ते औषध १९४३ साली उजेडात आले. मधल्या अर्धशतकात परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात थाटलेल्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणारी लस हाच मुख्य आधार होता, आणि लस म्हणजे औषध नव्हे. देहातील पेशींना दिलेली ती आगाऊ वर्दी होय.

ही वर्दी नेमकी कोण घेते आणि कोठे नोंदवते? शरीराच्या संरक्षणाला सैन्याची उपमा देण्याचा प्रघात पडला आहे. मला ती फसवी वाटते, कारण या व्यवस्थेचा बहुतेक वेळ मारामारीत न जाता तपासणीत जातो. एखाद्या जुन्या महसुली कचेरीशी तिचे साम्य अधिक आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या अंतर्भागात घडणाऱ्या प्रथिनांचे लहान लहान तुकडे आपल्या पृष्ठभागावर सतत मांडीत असते, आणि टी-पेशी नावाच्या श्वेतपेशी दारोदार हिंडून त्या नमुन्यांची रुजवात घेतात. नमुना घरचा असेल तर त्या पुढे जातात. त्यात विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा आढळला, तर त्या पेशीला स्वतःचा नाश करण्याचे फर्मान तत्काळ सुटते. अशी रुजवात घेताना टी-पेशी नमुन्याबरोबर तो ज्यावर मांडला आहे ती घरची मुद्राही पारखून पाहते, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ साली दाखवले. बी-पेशींचे काम याहून वेगळे: त्या प्रतिद्रव्ये तयार करतात, आणि ती रक्तात व लाळेत फिरून विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच गाठतात. जगात उद्या कोणता नवा विषाणू उपजेल हे देहाला ठाऊक नसते. म्हणून या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे पिसून, स्वैरपणे जुळवून, कोट्यवधी निरनिराळ्या आकारांचे ग्राहक आधीच तयार ठेवतात. हा चमत्कार तोनेगावा यांनी १९७६ साली उघड केला. अशा स्वैर भरतीत स्वकीयांवरच उलटणारे उमेदवार निपजणारच. म्हणून छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत टी-पेशींची कसून परीक्षा होते आणि बहुसंख्य उमेदवार तेथेच निकालात निघतात. जिची जोड आलेल्या विषाणूशी जुळते, त्या एकाच पेशीची हजारो पटींनी वाढ होते, आणि प्रसंग ओसरल्यावर तिचे काही वंशज मागे राहतात. हे दप्तर किती टिकते, याचा पुरावा २००८ साली मिळाला: १९१५ साली किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या बत्तीस वृद्धांच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये नव्वद वर्षांनंतरही सापडली.

आता हा सर्व पसारा एका प्रसंगात काम करताना पाहू. इन्फ्लुएंझाचा विषाणू श्वासावाटे येऊन घशातील पेशीच्या पृष्ठभागावरील एका शर्करेला चिकटतो. पेशी त्याला अन्नकणासारखे आत ओढून घेते. आतील आम्लतेने त्याचे आवरण उलगडते आणि आनुवंशिक मजकुराचे आठ तुकडे पेशीच्या केंद्रकात जाऊन पोचतात. सहा ते आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात. तोवर रोग्याला काही म्हणजे काही कळलेले नसते. ग्रासलेली पेशी मात्र इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारणींना सावध करते. ते १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना सापडले. या इशाऱ्यांची द्रव्ये रक्तात मिसळली की मेंदूने ठरवलेले शरीराच्या उष्णतेचे मान वाढते, अंग मोडून येते, अन्नावरची वासना उडते. म्हणजे ज्याला आपण आजार म्हणतो त्यातील पुष्कळसा भाग विषाणूचा नसून आपल्याच पेशींच्या बंदोबस्ताचा असतो. दरम्यान काही पेशी विषाणूचे अवशेष घेऊन मानेतील लसिका ग्रंथीत जातात (गळ्यापाशी दुखऱ्या गाठी हाताला लागतात त्या याच), तेथे जुळणारी टी-पेशी शोधली जाते, तिची वाढ होते, आणि हा शोध व ही वाढ पुरी होण्यास सुमारे पाचसहा दिवस लागतात. त्यानंतर ताप उतरतो.

आमच्याकडे सर्वसाधारण क्रम असा, की पहिले दोन दिवस घरगुती उपायांत जातात, तिसऱ्या दिवशी धीर सुटतो, चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाची ‘पाचशेची तीन गोळ्यांची स्ट्रिप’ येते, आणि तिसरी गोळी घेऊन होते त्याच सुमारास टी-पेशींचे काम पुरे होते. श्रेय गोळीच्या पदरी पडते, आणि पुढच्या खेपेस ती पहिल्याच दिवशी मागवली जाते. या योगायोगाइतका भक्कम पुरावा सामान्य माणसाला दुसरा कोणताच वाटत नाही, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही. कोविडच्या काळात अझिथ्रोमायसिन कितीतरी चिठ्ठ्यांवर होते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या विस्तृत चाचणीने रुग्णालयातील रोग्यांना त्याचा काही फायदा होत नसल्याचे २०२१ साली दाखवून दिले.

तथापि विषाणूच्या आजारात प्रतिजैविकाला कधीच स्थान नाही, असे कोणी म्हटले तर तेही खरे नव्हे. १९१८ साली मेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे प्रत्यक्ष विषाणूने मेली नाहीत. विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढल्यावर जे जिवाणू फुप्फुसात उतरले त्यांच्या न्यूमोनियाने मेली, असे पुढे जतन केलेल्या ऊतींच्या तपासणीवरून निष्पन्न झाले. ताप उतरून, एकदोन दिवस बरे वाटून, मग तो पुन्हा चढतो तेव्हा हा दुसरा शत्रू आलेला असण्याचा संभव असतो, आणि तेव्हा प्रतिजैविकाने जीव वाचतो. पण त्याही वेळी त्याला साथीदार लागतो. कर्करोगावरील औषधांनी ज्यांच्या श्वेतपेशी नाहीशा झाल्या आहेत अशा रोग्यांत, जंतूंची नुसती वाढ थांबवणारी प्रतिजैविके अपुरी पडू शकतात, हे प्रत्येक कर्करोगतज्ज्ञ जाणतो. निरोगी प्रौढाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल या भक्षक श्वेतपेशी तयार होतात. प्रतिजैविकाचा बराचसा लौकिक या अनामिक पेशींच्या जिवावर उभा आहे.

या पेशींची स्तुती करतानाच एक इशारा देणे जरूर आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून जे काढे, चूर्णे आणि गोळ्या बाजारात विकल्या जातात, त्यांमागची कल्पनाच मुळात भ्रामक आहे. कारण ही शक्ती वाढणे हे नेहमी हिताचे नसते. कोविडमध्ये ज्यांना प्राणवायू लावावा लागला त्यांच्यापैकी अनेकांचा घात स्वतःच्याच पेशींच्या अतिरेकाने होत होता, आणि २०२० साली ज्या औषधाने अशा रोग्यांतील मृत्यू घटल्याचे सिद्ध झाले ते, म्हणजे डेक्सामेथासोन, या पेशींना दडपणारे आहे.

राहिला तो औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न. पेनिसिलिन बाजारात येण्यापूर्वीच, १९४० साली, ते फोडून टाकणारे द्रव्य जिवाणूंत असल्याचे चेन आणि अब्राहम यांनी नोंदवले होते. फ्लेमिंगनेही १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या धोक्याबद्दल बजावले होते. उत्तर ध्रुवाकडील तीस हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही असे प्रतिरोधक जनुक सापडले आहेत. म्हणजे हे शस्त्र जुनेच आहे, आपण फक्त ते बाळगणाऱ्यांची निवड करून देतो. विषाणूसाठी घेतलेली निरर्थक गोळी घशातील विषाणूला स्पर्शही करत नाही, पण आतड्यातील अब्जावधी निरुपद्रवी जिवाणूंना चाळून काढते. त्यांतून जे चिवट उरतात ते आपली युक्ती शेजारच्या उपद्रवी जातीला बहाल करू शकतात. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिरोधामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मेली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या सरकारने मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक केले आहे. हुकूम चांगला आहे. अंमलाविषयी न बोललेले बरे.

वाचकांना विनंती आहे ती अशी. सर्दी-तापात डॉक्टरांनी ‘हा विषाणूचा ताप आहे, विश्रांती घ्या’ असे सांगितले तर त्यांच्यामागे ‘काहीतरी जोरदार द्या’ म्हणून लकडा लावू नये; पाकिटावर उभी लाल रेषा असलेले औषध चिठ्ठीवाचून मागू नये; आणि डॉक्टरांनी जिवाणूंचा आजार ठरवून प्रतिजैविक दिले असेल तर बरे वाटू लागताच ते आपल्या मनाने बंद करू नये. ताप उतरून पुन्हा चढला किंवा धाप लागू लागली, तर मात्र घरी न थांबता त्याच दिवशी छाती तपासून घ्यावी.